सिंगापूरमध्ये म्हणे सगळे सगळं शेअर करतात

आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय, 'सिंगापूरकडून शिका' म्हणून. म्हणे तिथे लोक गाडी घेतच नाहीत, शेअर करतात, सायकल कुठूनही उचलतात नि कुठेही ठेवतात, रिकामी खोली टुरिस्टला देऊन हप्ते फेडतात, आणि सरकार मधे पडत नाही म्हणून एवढ्याशा देशात शेअरिंग इकॉनॉमी फोफावली. मी बारा वर्षं सिंगापुरातच राहतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी गाडी. लोक घेत नाहीत कारण परवडत नाही हो! गाडी घ्यायची तर आधी लिलावात बोली लावून सीओई (गाडी बाळगायचं सरकारी सर्टिफिकेट) मिळवायचं, ते चालतं दहा वर्षं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीचं सीओई दीड लाख सिंगापूर डॉलरला गेलं होतं, गाडीचे पैसे वेगळे. देश मुंबईपेक्षा जरासाच मोठा, गाड्या वाढू द्यायच्या नाहीत हे सरकारनेच ठरवलंय. मग लोक ग्रॅब (आपल्या ओलासारखं ॲप) बोलावतात, पण त्यात शेअर काय झालं? बरेच ड्रायव्हर अंकल (इथे सगळे अंकलच) गाडी भाड्याने घेऊन चालवतात. परवा एक अंकल सांगत होते, सकाळी सहाला निघतो, दहापर्यंतची कमाई गाडीच्या भाड्यात जाते, पुढचं माझं. आपल्या गावाकडे ह्याला सरळ भाड्याची टॅक्सी म्हणतात.

सायकल 'कुठेही' ठेवायचे, खरंय, २०१७ मध्ये. बिल्डिंगखाली, गवतात, नाल्यात, जिकडे बघाल तिकडे आडव्या पडलेल्या सायकली. मग २०१८ मध्ये कायदा आला, सायकल कंपन्यांना लायसन्स आलं, आणि त्याच जूनमध्ये ओबाईक कंपनीने एका दिवसात गाशा गुंडाळला, लोकांचं ४९-४९ डॉलर डिपॉझिट अडकलं. ओफो ह्या दुसऱ्या कंपनीचं लायसन्स २०१९ मध्ये रद्द झालं. आता एमआरटी (मेट्रो) स्टेशनबाहेर पिवळा चौकोन आखलेला असतो, त्यात सायकल लावून क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर पाच डॉलर कटले.

खोलीचं तर विचारूच नका. टुरिस्टला चार दिवस खोली देणं इथे चक्क बेकायदा आहे. खाजगी फ्लॅट कमीत कमी तीन महिन्यांसाठी द्यायचा, सरकारी एचडीबी घर सहा महिन्यांसाठी, आणि बहुतेक जनता एचडीबीतच राहते. एअरबीएनबी ह्या ॲपवर टुरिस्टसाठी फ्लॅट लावणाऱ्या दोघांना २०१८ मध्ये प्रत्येकी ६०,००० डॉलर दंड बसला. हप्ते फेडा आता!

आणि सरकार मधे पडत नाही? उबरने २०१८ मध्ये धंदा ग्रॅबला विकला तर स्पर्धा आयोगाने दोघांना मिळून १.३ कोटी डॉलरचा दंड लावला. १ जानेवारी २०२५ पासून तर ॲपवर गाडी चालवणारे आणि डिलिव्हरीवाले ह्यांच्यासाठी वेगळा कायदाच लागू झालाय, कामावर अपघात झाला तर भरपाई, तरुणांना सीपीएफ (आपल्या पीएफसारखं) सक्तीचं, त्यात कंपनीलाही पैसे भरावे लागतात.

खरं शेअरिंग म्हणावं असं एकच आहे, कारपूल. ऑफिसला निघालोच आहे तर वाटेतल्या एकाला घेतलं, पेट्रोलपुरते पैसे घेतले. तर त्यालाही नियम आहे, दिवसाला फक्त दोन फेऱ्या आणि नफा कमवायचा नाही.