स्की-बोटीच्या बैठका आणि काटकसर: ‘खलाशी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार खलाशी,

इतकी सविस्तर आणि इतकी फटकळ प्रतिक्रिया क्वचित येते, त्यामुळे उत्तरही लांबणार आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश देतो. स्की नॉटीक २००१ ही करेक्ट क्राफ्टची १९८२ ते १९८९ या काळातली, मधोमध इंजिन असलेली, पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणारी बोट. तिच्या बैठका नव्याने बांधायची जी पद्धत मी लेखात दिली, ती खलाशींच्या मते श्रीमंतांचे चोचले आहेत. त्यांचं म्हणणं असं: मुंबईहून बॅगेतून रेक्झिन आणलं की पाव किमतीत भागतं. मरीन प्लायऐवजी (पाण्यासाठी बनवलेल्या प्लायऐवजी) दुकानातला ट्रीटेड, म्हणजे कूज रोखणारी रसायनं मुरवलेला, प्लाय पुरतो. फोम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला की पाण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवायला घरचं मशीन चालतं. इंजिनाच्या खोक्याला आतून जुन्या गादीचा फोम चिकटवला की आवाज कमी होतो. आणि मुळात तयार खोळी मिळत असताना शिवत कशाला बसायचं? शेवटी, ‘निदान साहित्य किती लागतं ते तरी लिहा’ असा टोला.

प्लॅस्टिकपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं.

पाणी बैठकीत शिरतं ते व्हिनाइलमधून (खोळीच्या प्लॅस्टिकच्या कापडातून) नाही, सुईच्या भोकांतून. स्कीवाला बोटीच्या मागच्या फलाटावरून चढतो, ओल्या जॅकेटसकट मागच्या बाकावर बसतो आणि शिवणीच्या ओळीवर पाणी साचतं. तो बसलेला असताना फोम दबलेला असतो. तो उठला की फोम फुगतो आणि हवा आत ओढतो. खालच्या फळीला भोकं नसतील तर ही हवा शिवणीतूनच येते, आणि तिच्यासोबत शिवणीवरचं पाणीही. दिवसभर माणसं बसत-उठत राहतात, म्हणजे बैठक दिवसभर पंपासारखी चालते. मूळ बैठकांच्या फळ्या काढून पाहिल्या तर कूज जवळजवळ नेहमी कडांना, स्टेपलच्या ओळीजवळ आणि सर्वांत सखल कोपऱ्यात दिसते. पाणी कुठून आलं आणि कुठे थांबलं हे तिथे वाचता येतं.

आता फोम चहूबाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खाली चिकटपट्टी लावली, तर पाणी आत यायचं थांबत नाही. ते व्हिनाइल आणि प्लॅस्टिक यांच्या फटीतून घरंगळत नेमकं फळीच्या कडेला पोचतं आणि तिथे त्याला बाहेर पडायला वाट नसते. फोम कोरडा, फळी भिजलेली. म्हणून पातळ फिल्म लावायचीच असेल (खोळ सरकवायला तिचा फार उपयोग होतो, हे मान्य) तर ती फक्त वर आणि बाजूंना लावा, फळीच्या इंचभर वर थांबवा, तळ उघडा ठेवा. फळीला बाकाच्या लांबीत चार-पाच भोकं पाडा, प्रत्येक साधारण २० मिमी, आणि त्यातली दोन तरी बाक जिकडे उतरता असतो त्या कडेला. हवा खालून जाऊ-येऊ लागली की शिवणीवरचा ओढा कमी होतो. बाजूच्या उभ्या पॅनेलांना फिल्म अजिबात नको.

फळीबद्दल. ट्रीटेड प्लाय कुजत नाही हे खरं, पण तो दुकानात बहुधा ओलसरच असतो आणि वाळताना पिळतो. पिळलेल्या फळीवर ताणून बसवलेली खोळ एका कोपऱ्यात सैल पडते, दुसऱ्यात तडकते. ओल्या लाकडाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा राळेचा लेप) धड धरत नाही. शिवाय त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे साधे लोखंडी स्टेपल आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या झपाट्याने खराब होतात. मरीन प्लायवर माझा हट्ट नाही. चांगल्या बाह्य दर्जाच्या प्लायचा गोंदही पाण्याला टिकणाराच असतो. फरक आतल्या थरांतल्या पोकळ्यांचा आहे: तिथे पाणी साठतं आणि तिथे मारलेला स्टेपल धरत नाही. कापल्यावर कडा नीट बघा, पोकळी दिसली तर इपॉक्सीत भुकटी घालून ती भरा. भारतात हे काम करणाऱ्यांनी प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्यावा; ३०३ चा स्वस्त पडतो, पण तो या कामाचा नाही.

१२ मिमी जाडी पुरते. इपॉक्सीचे दोन हात दोन्ही बाजूंना, कडांना तीन. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची आणि मग मधोमध योग्य मापाचं भोक पाडायचं, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. स्टेपलच्या बाबतीत ही चैन नाही. प्रत्येक स्टेपल इपॉक्सीचा थर फोडूनच आत जातो, म्हणून स्टेपल स्टेनलेसचेच हवेत. गॅल्व्हनाइज्ड स्टेपल गंजतात, गंज फुगतो, पाय सैल होतो आणि खोळ एका बाजूने सुटायला लागते. १२ मिमी फळीला पायाची लांबी ३/८ इंच. अर्धा इंची घेतला तर व्हिनाइल एकेरी असेल तिथे टोक फळीच्या पलीकडे, फोमच्या बाजूला निघण्याची भीती. एचडीपीईच्या (कडक प्लॅस्टिकच्या) फळ्या कुजत नाहीत, पण त्यांवर नेहमीचा कुठलाच गोंद बसत नाही आणि हातातल्या स्टेपल गनने स्टेपल पुरता जात नाही. हवेवर चालणारी गन असेल तरच त्या वाटेला जा.

रेक्झिनकडे येतो. मुंबईत मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त रेक्झिनचं अस्तर सुती असतं. ते भिजलं की बुरशी, मग कूज, आणि वरचा थर धडधाकट असतानाच शिवण फाटते. मरीन व्हिनाइलचं अस्तर विणलेल्या पॉलिस्टरचं असतं. वरच्या थरात ऊन सोसण्यासाठी आणि बुरशी रोखण्यासाठी द्रव्यं मिसळलेली असतात आणि सर्वांत वर एक पातळ संरक्षक लेप असतो. पीव्हीसीला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर उन्हाने हळूहळू निघून जातं, म्हणून जुन्या बैठका आधी आकसतात, मग कडक होतात, मग तडकतात. टेक्सासच्या उन्हात उघड्या बोटीवर घरातल्या सोफ्याचं कापड हाच प्रवास फार लवकर उरकेल. बॅगेतून आणायचा बेत तर वजनातच अडकतो. चांगलं मरीन व्हिनाइल ५४ इंच पन्ह्याला यार्डामागे जवळपास किलोभर भरतं. पूर्ण बोटीचं कापड आणलं तर २३ किलोच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीला जागा उरणार नाही.

तुमच्या मागच्या बाकावर गुलाबी डाग आहेत आणि ते ‘सनस्क्रीनचे असावेत’ असं तुम्ही लिहिलंय. घासून जात नसतील तर ते बहुधा खालून आलेले आहेत. ओल्या फोममध्ये किंवा फळीवर वाढणारे काही सूक्ष्मजीव रंग सोडतात, तो प्लास्टिसायझरमध्ये विरघळतो आणि व्हिनाइलमधून वर येतो. ब्लीच किंवा ॲसिटोनने डाग निघत नाही, वरचा लेप मात्र निघतो, आणि मग तडे आणखी लवकर. तो बाक आधी उघडा.

घरच्या मशीनचं उत्तर ‘काही भाग, हो’ असं आहे. दोन थर आणि व्ही-६९ जाडीचा दोरा दणकट घरगुती मशीन ओढू शकतं. पायपिन (शिवणीत घातलेली दोरीची गोट) आली की चार-पाच थर होतात, प्लीट्समागे पातळ फोम असतो, आणि तिथे मशीन अडतं. त्याहून मोठी अडचण सरकण्याची. घरच्या मशीनचे दात फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं. पाच फुटांच्या शिवणीत हा फरक सहज अर्ध्या इंचावर जातो आणि बाकाचा कोपरा पिळतो. वॉकिंग फूट मशीन दोन्ही थर एकदम पुढे नेतं, म्हणून ते भाड्याने किंवा उसनं मिळालं तरी बघा. नाहीच मिळालं तर पायपिन गाळा, दर चार इंचांवर जुळणीच्या खुणा करा, टेफ्लॉनचा पाय लावा आणि टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा. व्हिनाइलला पडलेलं भोक कायमचं राहतं, त्यामुळे उसवून त्याच ओळीत पुन्हा शिवणं शक्यतो नकोच. टाका इंचाला सहा, म्हणजे साधारण ४ मिमी. मजबुतीसाठी बारीक टाके घालायचा मोह होतो, पण मग कापड पोस्टाच्या तिकिटांसारखं ओळीवरून फाटतं. दोरा ऊन सोसणारा बॉन्डेड पॉलिस्टर. जड मशीनवर व्ही-९२ आणि १८ किंवा २० नंबरची सुई. नायलॉन ताकदीला चांगला पण उन्हात लवकर हार मानतो, आणि सुती दोरा तर कुजतोच.

जुन्या खोळी उसवून त्यांचाच नमुना करणार असाल तर एक सावधगिरी. त्या आकसलेल्या असतात. उसवण्याआधी शिवणीच्या दोन्ही बाजूंना पेनाने खुणा करा, फळी आणि फोमचं माप स्वतंत्र घ्या आणि दोन्ही मापं पडताळूनच कापा. फोम तयार खोळीपेक्षा साधारण अर्धा इंच मोठा हवा, तरच ती ताठ बसते. खोळ चढवण्याआधी व्हिनाइल उन्हात कोमट होऊ द्या. थंडीत गॅरेजमध्ये ताणलेली खोळ जूनमध्ये ढिली दिसते.

तयार खोळी घेणं मुळीच कमीपणाचं नाही. शिवणकामाचा कंटाळा असेल तर त्याच घ्या. फक्त त्या कारखान्याच्या मूळ फोमच्या मापाने बेतलेल्या असतात. दबलेल्या जुन्या फोमवर त्या गोणपाटासारख्या लोंबतील, आणि फळी तर तुम्हालाच करायची आहे. कुजलेली फळी फेकण्याआधी तिचा आराखडा, भोकांच्या जागांसकट, पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा.

इंजिनाच्या खोक्यात गादीचा फोम लावू नका. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. साधा पॉलियुरेथेन फोम पेट्रोल आणि तेल शोषतो, आणि पेटला तर भडकतो. बोटीच्या इंजिनकक्षासाठीच बनवलेलं, फॉइलचं आवरण असलेलं आवाजरोधक मिळतं, तेच लावा. ब्लोअरची (इंजिनकक्षातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणाऱ्या पंख्याची) नळी आणि हवेच्या वाटा कुठल्याही नव्या गादीखाली झाकल्या जाणार नाहीत हे पाहा. पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा नियम बैठका नव्या झाल्या म्हणून बदलत नाही.

बैठका बाहेर असतानाच गालिचा उचला. या काळातल्या बोटींचे स्ट्रिंगर (तळाला लांबीत आधार देणारे वासे) लाकडी आहेत. स्कीचा खांब जिथे बसतो तो भाग आणि मागच्या बाकाखालचा भाग रबरी हातोडीने ठोकून बघा; आवाज बद्द आला किंवा पायाखाली जमीन दबली तर व्हिनाइलची ऑर्डर थांबवा. तो खर्च वेगळा आणि बराच मोठा.

आता मापं. अशा बंद नाकाच्या बोटीच्या सगळ्या बैठका, इंजिनाच्या खोक्याची गादी आणि बाजूची पॅनेलं धरून ५४ इंच पन्ह्याचं १५ ते २० यार्ड व्हिनाइल लागतं. प्लीट्स आणि दोन-तीन रंगांचे पट्टे ठेवले तर वरच्या आकड्याकडे, सगळं एकरंगी आणि सपाट केलं तर खालच्या. काटकसर करायची खरी जागा ही आहे: पट्टे सोडा, प्लीट्स सोडा, म्हणजे बसण्याच्या जागेवरची भोकंही कमी होतील. ४ बाय ८ फुटी प्लायचे दोन ताव बहुधा पुरतात. बसण्याचा फोम चार इंची, घट्ट आणि उच्च घनतेचा. बाजूच्या पॅनेलांचा जुना फोम कोरडा आणि वासरहित असेल तर तो खुशाल परत वापरा, तिथे कोणी बसत नाही. चिकटवायला मोटारींच्या छताला लावतात तो उष्णता सोसणारा काँटॅक्ट गोंद. घरगुती स्प्रे उन्हात सुटतो.

पैसे टप्प्याटप्प्यानेच खर्च करायचे असतील तर यंदा मागचा बाक आणि मागे तोंड करून स्कीवाल्यावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकाची बैठक घ्या, चालकाची आणि पॅनेलं पुढच्या हिवाळ्यात. पण व्हिनाइल सगळं आताच, एकाच लॉटमधून घ्या. पुढच्या वर्षी त्याच नावाचा पांढरा रंग किंचित पिवळा निघू शकतो, आणि हा फरक फोटोत नाही तरी बोटीत लगेच दिसतो.