कापूस, गोंद आणि भाच्याचा अंगठा

‘पंक्चरवाल्यांनी लपवलेल्या ६ युक्त्या, आता पंक्चर स्वतःच काढा’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोन महिन्यांत तीनदा आला. दोनदा मी गप्प बसलो. तिसऱ्यांदा तो दाजींनी टाकला, आणि त्याच रविवारी त्यांच्याच चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, मोटरसायकलवरून कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कोयनानगरच्या पुढे त्यातली दुसरी युक्ती करून पाहिली. अंगठा भाजला, टायर गेला, आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी पोरगं दोन तास टेम्पोची वाट बघत बसलं. म्हणून आता लिहितोय.

तर ती दुसरी युक्ती. खिळा काढा, भोकात कापसाचा बोळा कोंबा, त्यावर पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमधला झटपट गोंद ओता, वरून खायचा सोडा भुरभुरा, ‘दोन मिनिटांत टायर नवा’. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कापसावर हा गोंद ओतलेला नाही, हे मी लिहून देतो. हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो हवेतल्या आणि वस्तूवरच्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि घट्ट होताना उष्णता सोडतो. थेंबभर असेल तर ती कळतही नाही. पण कापसाच्या बारीक तंतूंवर तो क्षणात पसरतो, सगळा एकदम घट्ट होतो आणि चटका बसण्याइतका तापतो. कधी धूरही येतो. भाच्याने तो बोळा अंगठ्याने दाबून धरला होता, कारण मेसेजात ‘घट्ट दाबून धरा’ असं लिहिलं होतं. धूर दिसल्यावर त्याने हात ओढला, तर कापूस कातडीला चिकटलेला!

समजा भाजलं नाही. समजा बोळा बसला. मग? सोडा घातला की हा गोंद दगडासारखा कडक होतो, हे खरं आहे. कपाचा कान किंवा खेळण्याचं चाक सांधायला ते चालतं. टायर मात्र लवचीक असतो. साध्या १७ इंची चाकाच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरा. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक ५२० च्या आसपास फेरे मारतं. ताशी ६० च्या वेगाने मिनिटाला तेवढ्या वेळा ती भोकाची जागा रस्त्यावर दबते आणि पुन्हा फुगते. त्यात तो कडक खडा किती वेळ टिकणार? तडा जाईल, सुटेल, आणि घाटाच्या उतारावर हवा गेली, त्यातही पुढच्या चाकाची गेली, तर मोटारसारखी आधाराला आणखी तीन चाकं नसतात.

आता पहिली युक्ती, ‘खिळा दिसताक्षणी उपटा’. दाजी, कृपा करून उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये (म्हणजे ज्यात वेगळी ट्यूब नसते, हवा थेट टायरमध्येच असते) घुसलेला खिळा बऱ्याचदा स्वतःच बुचाचं काम करतो, हवा हळूहळू जाते. जवळ पंक्चरचं किट आणि पंप असेल तरच खिळ्याला हात लावा. नसेल तर हवा बघत, वेग कमी ठेवून दुकान गाठा. हवा पूर्ण बसली असेल तर मात्र एक किलोमीटरही चालवू नका. ते का, ते पुढे सांगतो.

तिसरी, ‘किटमधली दोरी (भोकात खुपसायची चिकट रबरी वात) कुठल्याही टायरला चालते’. नाही चालत. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. हवा असते ट्यूबमध्ये आणि तुम्ही दोरी खुपसता टायरला, म्हणजे ट्यूबला आणखी एक भोक. तिथे चाक सोडवा, टॉमीने, म्हणजे चपट्या पहारीने, टायर उचला, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे शोधा, घासून सोल्युशन (रबराचा गोंद) लावून ठिगळ डकवा, याला पर्याय नाही.

ट्यूबलेसला मात्र दोरी चालते, आणि इथे मला मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं नाइलाजाने मान्य करावं लागतं. मी स्वतः डिकीत किट ठेवतो. साबणाच्या पाण्याने भोक शोधायचं, खिळा कुठल्या तिरकेपणाने गेलाय ते बघून पकडीने काढायचा, त्याच तिरक्या दिशेने कानस आत घालून दहा-बारा वेळा फिरवायची (नवशिके इथेच हात आखडतात, मग दोरी आत जात नाही), सुईच्या नेढ्यात दोरी मधोमध ओवायची, सोल्युशन लावून दाबायची, दोन्ही टोकं थोडी बाहेर राहिली की सुई झटक्यात सरळ ओढायची. उरलेली टोकं छाटा, हवा भरा, भोकावर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. पंधरा मिनिटांचं काम.

पण ही दोरी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागासाठी. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर टायर बदलायचा, वाद नाही. आणि ज्यांना माझंही ऐकायचं नाही त्यांनी डनलॉपच्या मोटरसायकल टायरच्या सूचना वाचाव्यात. भोक पाव इंचापर्यंत, म्हणजे जेमतेम सहा मिलीमीटर. दुरुस्ती जाणकाराने टायर रिमवरून उतरवून आतून, बूच आणि ठिगळ एकत्र लावून. पहिले २४ तास ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटरच्या वर नाही, आणि नंतरही कधी ७५ मैल, म्हणजे १२० च्या वर नाही. नुसती बाहेरून केलेली दुरुस्ती त्यांना मान्यच नाही. म्हणजे माझी दोरीसुद्धा त्यांच्या हिशेबात नापास. मी ती घरी किंवा दुकानापर्यंत पोचायला वापरतो, वर्षभर फिरायला नाही.

टायर उतरवून आतून बघायला का सांगतात, ते चिपळूणच्या दुकानात कळलं. हवा बसलेल्या टायरवर भाच्याने गाडी बरीच चालवली होती. टायर उतरवला तर आत काळा भुगा, आणि भिंतीच्या आतला रबर गोल खरवडलेला. बाहेरून टायर अगदी ठणठणीत दिसत होता. भोक अगदी झकास बुजवलं असतं तरी तो टायर वापरण्यासारखा राहिला नव्हता.

बाकीच्या तीन पटकन. ‘सीलंट घाला, जन्मभर पंक्चर नाही’: सीलंट म्हणजे टायरमध्ये आधीच ओतून ठेवायचा भोक बुजवणारा द्रव. लहान खिळ्यांना उपयोगी पडतं, स्कूटरवाल्यांनी जरूर घालावं, पण जन्मभराची हमी नाही. ते वाळतं, भिंतीच्या भोकाला चालत नाही, आणि टायर उघडणारा माणूस तुम्हाला मनातल्या मनात काय म्हणतो ते विचारू नका. ‘नायट्रोजन भरा, पंक्चर टळेल’: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, खिळ्याला त्याचं काही घेणंदेणं नाही. ‘पंक्चरवाले एकाची तीन पंक्चरं सांगतात’: काही सांगतात, हो. मग समोर उभं राहून प्रत्येक बुडबुडा दाखवायला सांगा. त्यासाठी कापूस पेटवायची गरज नाही.

दाजी, गोंदाची ट्यूब भाच्याच्या डिकीतून मी काढून घेतली आहे. मेसेज ग्रुपवरून तुम्ही काढा.