मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर: ‘मेन्सचा उलटा जोडा’ हा सल्ला कुठे फसतो

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत एक सल्ला सतत फिरतो: ‘एएम ट्रान्समीटरसाठी मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर शोधत बसू नका. मेन्सचा कुठलाही उलटा जोडा, वॅट जुळले की झालं. जुना मिळालाच तर मल्टिमीटरने ओहम बघून घ्या.’ मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याच्या पुरवठ्यावर चढवणारा; ‘उलटा’ म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायर, 230 च्या बाजूला ट्रान्समीटर. सल्ल्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो घातक.

‘वॅट जुळले की झालं.’ नाही, आधी इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा विरोध. फायनलच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या, 807 व्हॉल्व्हला 600 व्होल्ट, 100 मिलिअँपिअर दिले तर इनपुट 60 वॅट. पूर्ण मॉड्युलेशनला ऑडिओ त्याच्या निम्मा, 30 वॅट. भार 600 भागिले 0.1, म्हणजे 6000 ओहम. 4 ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवरून तिथे पोचायला 6000 भागिले 4, म्हणजे 1500 चं वर्गमूळ, सुमारे 39 गुणोत्तर हवं. 230:6 चा ट्रान्सफॉर्मर 38 देतो, म्हणजे निवड ‘कुठलाही’ नव्हे.

‘उलटा जोडा.’ खरी गोची इथे आहे. 30 वॅटला 230 च्या वाइंडिंगवर 424 व्होल्ट येतात. 92 हर्ट्झच्या वर कोअर ते सहज पेलतो, बोलण्याला एवढं पुरे. मारतो तो डीसी. फायनलचा करंट एकाच दिशेने वाहतो, मेन्सच्या कोअरचे स्टॅम्पिंग (लोखंडी पत्रे) आलटून-पालटून बसवलेले, मध्ये फट नाही. कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो, आणि आवाज फाटतो. टोरॉइड (कडीसारखा गोल कोअर) तर आणखी लवकर. ‘पुश-पुलमध्ये डीसी कटतो’ हे (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालतात तिथे) फक्त प्रायमरीपुरतं खरं.

तेव्हा डीसीला वेगळी वाट द्या. एचटी (उच्च व्होल्टचा डीसी पुरवठा) आणि फायनलचा आरएफ चोक (रेडिओ लहरी अडवणारी कॉइल) यांच्यामध्ये 10 हेन्री, 150 मिलिअँपिअरचा फट असलेला चोक घाला. 230 च्या वाइंडिंगचं एक टोक अर्थला, दुसरं 4 मायक्रोफॅरड, 1500 व्होल्टच्या पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरमधून दोन्ही चोकच्या जोडावर. 807 च्या स्क्रीन ग्रिडचा रेझिस्टरही तिथूनच घ्या, नाहीतर मॉड्युलेशन अर्धवट राहतं. शिखराला त्या जोडावर 1200 व्होल्ट असतात, पण वाइंडिंगवर 600 च. चोकचं इन्सुलेशन मात्र 1200 पेलणारं हवं.

‘ओहम बघून घ्या.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या बाजारात ओहम फक्त तार तुटलेली नाही एवढंच सांगतो. शॉर्ट झालेले वेढे त्यात दिसत नाहीत. प्रायमरीला 6 व्होल्ट एसी द्या, सेकंडरी मोकळी ठेवून व्होल्टेज मोजा. गुणोत्तराचा वर्ग म्हणजे इम्पिडन्सचं प्रमाण. सेकंडरी मोकळी असूनही करंट भरपूर ओढत असेल तर सोडून द्या. मग वाइंडिंग-कोअर आणि वाइंडिंग-वाइंडिंग 1000 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा.

मॉड्युलेटर व्हॉल्व्हचा असेल तर फायनलची एचटी गेली की ऑडिओही कापणारा रिले हवाच. भार सुटला की सेकंडरीचं व्होल्टेज उसळतं आणि ठिणगी इन्सुलेशनमधून जाते.