एअरोबारवर किती वेळ टिकता? ‘सरावासाठी रोड बाईक’वरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

‘सरावासाठी रोड बाईकच बरी’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप असे: ज्या पोझिशनमध्ये शर्यत करायची त्याच पोझिशनमध्ये सराव हवा, नाहीतर तो वाया जातो. ट्राय बाईक (खास ट्रायथलॉनसाठीची सायकल) धोक्याची आहे असं लिहून मी नवख्यांना उगाच घाबरवतोय. आणि १९८९ साली ग्रेग लेमाँ एअरोबारच्या (कोपरं टेकवून पुढे झुकायच्या हँडलच्या) जोरावर टूर द फ्रान्स जिंकला, तेव्हाच हा वाद संपला. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची पुतणी पहिल्या हाफ डिस्टन्स ट्रायथलॉनची (पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं) तयारी करतेय, आणि तिला तुम्ही थेट ट्राय बाईकच घ्यायला सांगणार आहात. त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लांबलं आहे.

आधी माझी चूक. वर्षभर रोड बाईक चालवा आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधी ट्राय बाईक बाहेर काढा, असं मी लिहिलं होतं. हा सल्ला चुकीचा होता. तुम्ही तो पकडलात, आणि लेखातला तो भाग मी आज बदलला आहे. पहिल्या हंगामात मी स्वतः नेमकं हेच केलं होतं. ९० किलोमीटरच्या टप्प्यात पहिली चाळीस मिनिटं एअरोबारवर झक्क गेली. मग मान आखडली, कंबर धरली, आणि उरलेला बहुतेक रस्ता मी कोपरं उचलून, बेस बार (बाजूचं आडवं हँडल) धरून कापला. पाय दमलेले नव्हते. मान वर धरून पुढचं बघत राहणारे स्नायू आणि खांद्यांचा भार कोपरांवर तोलणारे स्नायू त्या कामाला तयारच नव्हते. त्यांना तयार व्हायला माझ्या अंदाजाने आठ-दहा आठवडे लागतात, तेही आठवड्यातून दोनदा त्याच पोझिशनमध्ये बसलात तर. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण ‘सराव वाया जातो’ हे मान्य नाही. हृदय, फुप्फुसं, मांड्यांची सहनशक्ती या गोष्टी रोड बाईकवर कमावल्या तरी ट्राय बाईकवर सोबत येतात. येत नाही ती फक्त त्या पोझिशनची सवय. ती वेगळी कमवावी लागते, आणि त्यासाठी सगळेच्या सगळे तास तिथे घालवावे लागत नाहीत.

आता भूमितीकडे वळतो, कारण बरेच जण ‘ट्राय बाईक म्हणजे एअरोबार लावलेली रोड बाईक’ असं समजतात. रोड बाईकची सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) साधारण ७२ ते ७४ अंशांवर असते, ट्राय बाईकची ७६ ते ८० अंशांच्या आसपास. रोड बाईकवर बसलेल्या माणसाची आकृती कागदातून कापून घ्या, बॉटम ब्रॅकेटवर (पेडल ज्या आसाभोवती फिरतात तिथे) टाचणी टोचा आणि ती आकृती पुढच्या बाजूला फिरवा. पाठ आडवी झाली, तरी मांडी आणि धड यांच्यातला कोन तेवढाच राहिला. ट्राय बाईकची सगळी करामत या एका फिरवण्यात आहे. क्विंटाना रू कंपनीच्या डॅन एम्पफील्ड यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या सीट ट्यूबची सायकल खास ट्रायथलॉनसाठी आणली, ती याच विचारातून. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या टाइम ट्रायलमध्ये (घड्याळाविरुद्ध एकट्याने करायच्या शर्यतीत) सीट किती पुढे घेता येते यावर नियमांची मर्यादा आहे. ट्रायथलॉनला ती लागू नाही, म्हणून ट्राय बाईकची सीट आणखी पुढे सरकू शकते.

आता नुसते क्लिप-ऑन (हँडलवर वरून अडकवायचे) एअरोबार रोड बाईकला लावले, तर काय होतं? सीट मागेच राहते आणि धड तेवढं खाली जातं. गुडघा पोटाला भिडायला लागतो, श्वास कोंडतो, कंबरेला ताण बसतो. ‘रोड बाईकवर एअरोबार लावून पाहिले, जमलं नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं. त्यावर उपाय आहे. सीट पुढे घ्या. एक सेंटीमीटर पुढे घेतली की सीट ट्यूबचा परिणामी कोन साधारण पाऊण अंशाने वाढतो. सीट पुढे गेली की ती पेडलच्या जवळही येते, म्हणून काही मिलिमीटर वर उचला. मागे झुकाव नसलेला सीटपोस्ट आणि लागलाच तर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा). एवढं करूनही ती ट्राय बाईक होत नाही, कारण पुढच्या चाकावर वजन वाढतं आणि ती फ्रेम त्या वाटणीसाठी बनवलेली नसते. पण नव्वद किलोमीटर नीट जाता येईल इतकी ती नक्की बदलते.

आता वेगाबद्दल. मी सरळ गणित मांडलं. सायकलसकट वजन ८० किलो, सपाट रस्ता, वारा नाही, चाकापर्यंत पोचणारी ताकद २०० वॉट. हवेचा अडथळा मोजणारा सीडीए (आकडा जितका कमी, तितका अडथळा कमी) कोपरं वाकवून हूड, म्हणजे ब्रेकच्या वरच्या मुठी धरल्यावर ०.३२ धरला, नीट बसवलेल्या क्लिप-ऑनवर ०.२८ आणि चांगल्या ट्राय बाईकवर ०.२५. हे आकडे माणसागणिक बदलतात, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत. ९० किलोमीटरला हूडवर सुमारे १५८ मिनिटं लागतात, क्लिप-ऑनवर १५२ आणि ट्राय बाईकवर १४७. म्हणजे सगळ्या फायद्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग रोड बाईकवर कोपरं टेकवूनच मिळतो.

आता सवय नसलेल्या माणसाला त्या ट्राय बाईकवर बसवा. त्या पोझिशनमध्ये त्याचे २०० वॉट १८० वर आले, तर वेळ १५३ मिनिटांवर जाते, म्हणजे क्लिप-ऑनवाल्याच्याही मिनिटभर मागे. अर्ध्या वाटेत उठून बसावं लागलं, तरी हिशेब जवळपास तिथेच येऊन थांबतो. सायकल तीच, फक्त वर बसलेलं शरीर तयार नाही.

लेमाँचं उदाहरण तुम्ही दिलंत ते मला आवडलं, फक्त मी ते वेगळं वाचतो. टूरच्या शेवटच्या दिवसाची टाइम ट्रायल, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. आघाडीवरच्या फिन्योंच्या ५० सेकंद मागे असताना सुरुवात, आणि अखेर टूर ८ सेकंदांनी खिशात. एअरोबार ट्रायथलॉनवाले आधीपासून वापरत होते, लेमाँने ते साऱ्या जगाला दाखवले. पण त्या दिवशी त्याला ती पोझिशन २६ मिनिटं ५७ सेकंद टिकवायची होती. तुमच्या पुतणीला अडीच तासांहून जास्त टिकवायची आहे, आणि मग उतरून २१.१ किलोमीटर धावायचं आहे. दुसरं म्हणजे, लेमाँने ते हँडल शेवटच्या दिवशी पहिल्यांदा धरलं नव्हतं. त्याच टूरमधली ७३ किलोमीटरची टाइम ट्रायल तो त्याच हँडलवर जिंकला होता. तुमचाच सरावाचा मुद्दा इथे सिद्ध होतो, सायकल विकत घेण्याचा नाही.

धावण्यावरून आठवलं. सीट पुढे असली की मांडीच्या मागच्या स्नायूंवर कमी भार येतो आणि पुढचं धावणं सोपं जातं, असं ट्राय बाईकच्या बाजूने सांगतात. यात तथ्य आहे. ७३ आणि ८१ अंशांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात उभ्या कोनानंतरचं १० किलोमीटरचं धावणं जलद झालं होतं. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं.

आता धोक्याबद्दल. हा मुद्दा मी मागे घेणार नाही. एअरोबारवर असताना गिअर बोटांशी असतात, पण ब्रेक बेस बारवर. समोर कुत्रं आडवं आलं, दार उघडलं, खड्डा दिसला, तर आधी हात उचलून बाजूला न्यायचा आणि मग ब्रेक दाबायचा. ताशी ३६ किलोमीटरला सायकल एका सेकंदात दहा मीटर जाते. त्यात वळवणं कोपरांनी आणि वजन पुढच्या चाकावर, म्हणून बाजूचा वारा आला की सायकल झटकन हलते. गटात चालवताना पुढच्याच्या चाकामागे राहून कुणी एअरोबारवर झोपत असेल, तर मी त्या गटातून बाहेर पडतो. हे नवख्यांना घाबरवण्यासाठी लिहीत नाही. ज्याला वळणावर सायकल कलवता येते, एका हाताने बाटली काढून पिता येतं, मागे बघताना सरळ रेषा धरता येते, त्याला ट्राय बाईक अजिबात धोक्याची नाही. ही कौशल्यं रोड बाईकवर आणि माणसांच्या सोबतीत लवकर येतात.

शर्यतीचा प्रकारही बघा. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन २००० साली सिडनीला आलं तेव्हापासून तिथे ड्राफ्टिंगला (पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवण्याला) परवानगी आहे आणि ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) रोड बाईकच चालते. त्या वाटेला जायचं असेल, तर ट्राय बाईकचा प्रश्नच येत नाही. तुमच्या पुतणीची शर्यत ड्राफ्टिंगबंदीची असणार. अशा शर्यतीत पुढच्या सायकलपासून सहसा १२ मीटरचं अंतर राखायचं असतं, वारा एकट्याने कापायचा असतो, आणि ट्राय बाईक तिथेच शोभते. रस्ता चढाचा असेल तर मात्र ताशी बारा किलोमीटरवर एअरोचा उपयोग जवळपास शून्य.

म्हणून तिला काय सांगाल? एकच सायकल घ्यायची असेल तर रोड बाईक, तिच्या मापाची, आणि पहिल्या महिन्यात एअरोबार नाहीत. वळणं, उतार, ब्रेक, गटात चालवणं आधी हाताखालून जाऊ दे. मग क्लिप-ऑन लावा, आणि त्याच दिवशी सीट पुढे घ्या, ते पुढच्या आठवड्यावर टाकू नका. सुरुवात रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी करा. दर आठवड्याला थोडं वाढवत सलग वीस मिनिटांपर्यंत न्या, आणि शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याच्या लांब राईडचा निम्मा वेळ कोपरांवर जाऊ दे. इनडोअर ट्रेनरवरही (सायकल बसवून घरात जागेवर चालवायच्या स्टँडवर) हे करता येतं, मान आणि कंबर तिथे चांगली तयार होते. फक्त ट्रेनरवर सायकल डुलत नाही, बैठकीवर सतत एकाच जागी दाब येतो, म्हणून दहा मिनिटांनी एकदा उभं राहायला सांगा. आणि उतरल्यावर लगेच पंधरा मिनिटं धावायला लावा. त्या धावण्यात पाय कसे वाटले ते तिला लिहून ठेवू दे, कारण सीट अजून पुढे हवी की मागे, याचा अंदाज पुष्कळदा तिथे लागतो.

पहिल्या शर्यतीत ती नव्वदपैकी साठ-सत्तर किलोमीटर एअरोबारवर टिकली आणि पुढच्या वर्षीही हेच अंतर करायचं तिने ठरवलं, तर मी स्वतः म्हणेन, आता ट्राय बाईक घ्या. तेव्हा रोड बाईक विकू नका. तिची रोड बाईकवरची शेवटची पोझिशन, म्हणजे सीटची उंची, सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटपासून किती मागे-पुढे आणि कोपरांच्या पॅडची उंची, एवढी तीन मापं मला इथेच कळवा. त्यावरून कोणती फ्रेम तिच्या मापाची होईल, हे आपण सोबत बसून काढू.