सूर लागला म्हणून बोली गळून पडत नाही

युवक महोत्सवांचे दिवस जवळ आले की मराठवाड्यात गाणे शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : सूर पक्का लागला की गायकाची बोली आपोआप गळून पडते, इंग्लंडचे गायकसुद्धा गाताना अमेरिकन वाटतात, हा त्याचा पुरावा, म्हणून ज्या मुलाच्या गाण्यात लातूर-नांदेडकडचे उच्चार ऐकू येतात, त्याचा रियाज कच्चा समजावा. यातले पहिले विधान अर्धेच खरे आहे, दुसऱ्याचा अर्थ उलटा लावला आहे आणि तिसऱ्यामुळे चांगल्या गळ्याच्या मुलांवर अन्याय होतो.

पहिल्या विधानातला खरा भाग आधी मान्य करू. बोलण्यातला हेल म्हणजे वाक्यातील स्वरांचा चढ-उतार. 'काय करलालास?' या लातूरकडच्या प्रश्नाला जो हेल असतो, तो गाण्यात टिकू शकत नाही, कारण कोणते अक्षर किती उंचीवर घ्यायचे हे चालीने आधीच ठरवलेले असते. अक्षर किती लांबवायचे हे ताल ठरवतो. एरवी 'विठ्ठल' म्हणताना शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही, पण अभंगात तो मात्रा भरण्यासाठी पुष्कळदा पूर्ण घ्यावा लागतो, आणि हे पुण्याच्या गायकालाही तितकेच लागू आहे.

तारसप्तकात, म्हणजे वरच्या उंच सुरांत, तर 'आ', 'ई' असे स्वरवर्णच बदलतात. काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' मानून, गाणाऱ्या स्त्रीचा मध्य षड्ज (मधला 'सा') सुमारे २०८ हर्ट्झ आणि तार षड्ज (वरचा 'सा') सुमारे ४१५ हर्ट्झ असतो. 'ई' उच्चारताना स्त्रीच्या मुखपोकळीचा सर्वांत खालचा अनुनाद, म्हणजे ज्या उंचीवर ती पोकळी आवाज सर्वाधिक घुमवते ती जागा, साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास, तर 'आ'चा त्याच्या दुपटीहून वर असतो. म्हणजे तार षड्जावर सूरच 'ई'च्या या अनुनादाच्या वर जातो. आवाज दबू नये म्हणून गायिका जबडा अधिक उघडते आणि 'ई' किंचित 'ए'कडे झुकते. 'आ'ला तेथे ही अडचण येत नाही. अशा जागी परभणीची आणि मुंबईची गायिका सारखी ऐकू येते, ती या शरीरधर्मामुळे.

परंतु बोली म्हणजे केवळ हेल आणि स्वरवर्ण नव्हेत. 'पाणी'चे 'पानी', 'विठ्ठल'चे 'इठ्ठल', 'नको'चे 'नगं' ही रूपे कोणत्याही सुरात गाता येतात. जात्यावरच्या ओव्यांमध्ये ती आहेत, आणि त्या म्हणणाऱ्या बायांचा सूर ढळलेला नसतो. सुरानेच बोली पुसली जात असती, तर ओवीत ती उरलीच नसती.

आता इंग्लंडचा दाखला. समाजभाषावैज्ञानिक पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश पॉप गायकांच्या उच्चारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलताना स्वरवर्णानंतरचा 'र' न उच्चारणारे हे गायक गाताना तो उच्चारत, कारण त्यांच्यापुढचा आदर्श अमेरिकन होता. निर्णायक गोष्ट पुढेच आहे : बीटल्स या ब्रिटिश गायकगटाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत हा 'र' अधिक आढळतो आणि १९६०च्या दशकात तो कमी होत जातो. त्या काळात त्यांचे गळे बदलले नव्हते. कोणासारखे गायचे, हे बदलले होते. स्कॉटलंडचे प्रोक्लेमर्स बंधू तर ठळक स्कॉटिश उच्चारांतच गातात. म्हणजे हा पुरावा संदेशाच्या विरुद्ध बाजूचा आहे.

हेच आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या गझल मैफलीत ऐकू येते. दखनी, म्हणजे दख्खनकडची उर्दू, बोलणारा माणूस घरी 'क़लम'ला 'ख़लम' म्हणतो. तोच गझल गायला बसला की 'क़' कंठातून काळजीपूर्वक काढतो. हा 'क़' सुराने दिलेला नसतो. उस्तादांकडून आणि ध्वनिमुद्रणे ऐकून कमावलेला असतो. प्रत्येक गानप्रकार स्वतःचा उच्चार घेऊन येतो, आणि गायक बहुतेकदा नकळत तो स्वीकारतो.

म्हणून उच्चारावरून रियाज मोजणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. रियाजाने श्वास, सूर, लय आणि आवाजाची फेक सुधारते. 'ण' आणि 'न' यांतला फरक जिभेचे टोक मागे वळवण्याच्या वेगळ्या सरावाने येतो, आणि उत्तम तयारीच्या गळ्यालाही तो सराव मुद्दाम करावा लागतो. नाट्यगीतात प्रमाण उच्चार अपेक्षित असतील, तर शिक्षकांनी तो सराव करून घ्यावा आणि परीक्षकांनी उच्चाराचे गुण सुराच्या गुणांपासून वेगळे ठेवावेत. भारुडाला मात्र ही फूटपट्टी लावू नये. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत लोकांच्या तोंडची भाषा आणली, ती सोंगातल्या माणसाची ओळख पटावी म्हणून. तिथे 'नगं'च्या जागी 'नको' म्हणायला लावणारा परीक्षक मुलाची चूक सुधारत नसून चांगले सादरीकरण बिघडवत असतो.