कोकणातला सर्वांत मोठा क्रिकेटपटू? माझं मत बाळू पालवणकरांना

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांचा वेळ वाचेल. कोकणच्या मातीशी नातं सांगणारा आजवरचा सर्वांत मोठा क्रिकेटपटू माझ्या मते बाळू पालवणकर. गावसकर नाही, तेंडुलकरही नाही. एकदा हे घरात बोललो तर काकांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. त्यामुळे तुमच्या शिव्यांचं मला फारसं काही वाटणार नाही.

गणपतीत चाकरमानी गावी आले की रात्रीचं भजन आटोपल्यावर हा वाद हमखास निघतो, आणि पहिलं भांडण होतं ते आपला कोणाला म्हणायचं यावरून. माझा एक मालवणी मित्र आहे, त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. "गावसकर वेंगुर्ल्याचो, तेंडुलकर तेंडोलीचो, विषय संपलो!" मग कोणीतरी रत्नागिरीकर खवचटपणे विचारतो, तेंडोली कुडाळ तालुक्यात आणि पोरगा वाढला वांद्र्याच्या साहित्य सहवासात, त्यात तुमचं काय? प्रश्न बरोबर आहे, पण मी या बाबतीत मित्राच्या बाजूचा. कोकणात जन्मून कोकणातच मेलेल्या माणसांचाच हिशेब धरायचा ठरवला, तर आपल्याकडे अभिमान बाळगायला फार थोडी नावं उरतील. इथला माणूस पलटणीत गेला, गिरणीत गेला, बोटीवर गेला. डॉ. आंबेडकर जन्मले महूला, म्हणून मंडणगडच्या आंबडव्याने त्यांच्यावरचा हक्क सोडला का? तोच न्याय क्रिकेटला. तेव्हा मूळ गाव कोकणातलं असेल तर गडी आपला, एवढं धरून पुढे जातो.

खरा घोळ पुढेच आहे. प्रत्येक पिढी आपण डोळ्यांनी पाहिलेल्यालाच मत देते. काका १९७१ च्या रेडिओवरच्या गावसकरवर अडकलेत. आमची पिढी शारजातल्या सचिनवर. पुतण्याला विचाराल तर तो म्हणेल, गावसकर म्हणजे ते कॉमेंट्रीवाले ना? बाळूंची गोलंदाजी पाहिलेला तर आता कोणी जिवंतच नाही. ना फिल्म, ना यूट्यूब. त्यामुळे त्यांचं नाव निघालं की सगळे आदराने मान हलवतात आणि पुन्हा सचिन-गावसकरवर येतात.

तर बाळूंविषयी जरा सविस्तर. कोकणातल्या पालवण गावावरून पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील पलटणीत होते, बाळपण पुण्यात गेलं. पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्लबात, पीच झाडायचं, रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. मग साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे जाळी बांधायची, पीच आखायचं आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. डावखुरी फिरकी हाताला लागली ती इथे. कॅप्टन ग्रेग म्हणून तिथला मातब्बर फलंदाज होता. आपल्याला बाद केलं की तो बाळूंना आठ आणे द्यायचा अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण तासन् तास बाळूंची गोलंदाजी खेळून ग्रेगची फलंदाजी सुधारली, हे पटण्यासारखं आहे. बॅट मात्र बाळूंच्या हातात कोणी दिली नाही. बॅटिंग साहेबांसाठी, बोलिंग नोकरांसाठी!

पुढे पुण्यातल्या हिंदूंनाही साहेबांना हरवायचं होतं. हा चांभाराचा पोरगा विकेट काढतो हे त्यांना दिसत होतं, म्हणून संघात घेतला. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. आपण टेस्टमधलं 'प्रेशर' म्हणतो ना, लॉर्ड्सवर पहिली ओव्हर टाकायचं वगैरे, त्याच्या शेजारी हा चहा ठेवून बघा.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला हरवलं, त्यात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यावर सगळे सामने मिळून ११४ विकेट घेतल्या. तेव्हा वय ३५, संघ पडका, खेळपट्ट्या अनोळखी, हवा थंड. मुंबईत परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, त्यात तरुण आंबेडकरांचा पुढाकार होता. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे समोरासमोर उभे राहिले आणि बाळू हरले. पण तो वेगळाच विषय आहे, इथे नको.)

आता आकडेवाले म्हणतील, प्रथम श्रेणीचे सामने फक्त ३३! हो, ३३. विकेट १७९, सरासरी १५ च्या आसपास. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत, सगळ्याच गोलंदाजांची सरासरी देखणी दिसायची, हेही मान्य. त्या सरासरीवर मी माझा दावा उभाच करत नाही. भारताला टेस्टचा दर्जा मिळाला १९३२ साली, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेलेले. ज्या माणसाला टेस्ट नव्हती, रणजी नव्हती, कोच नव्हता, त्याच्या सामन्यांची संख्या काढून सचिनच्या २०० टेस्टशेजारी मांडणं म्हणजे होडीची आणि रो-रो बोटीची फेऱ्यांवरून तुलना करण्यासारखं आहे.

मी एवढंच विचारतो: समोर जो खेळ होता, त्यात त्याच्याहून वरचा कोणी होता का? आणि तिथपर्यंत पोचायला त्याला काय काय ओलांडावं लागलं? पहिल्या प्रश्नाला गावसकर आणि सचिन दोघेही उत्तीर्ण होतात. दुसऱ्या प्रश्नाला बाळूंच्या जवळपास कोणी येत नाही.

आणि एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाहीच. १९२० साली भावांनी निषेध म्हणून माघार घेतली, तेव्हा कुठे उपकर्णधार केलं. शेवटी १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदूंनी ती चौरंगी स्पर्धा (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन संघांची) जिंकली. चार भाऊ, बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल, चौघेही वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले. असं दुसरं घर मला दाखवा.

गावसकरबद्दल काय बोलू, ते सगळ्यांना पाठ आहे. पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, ३४ शतकं, त्यातली १३ वेस्ट इंडिजविरुद्ध, तेही अख्खं हेल्मेट न घालता. सचिन आणि गावसकर यांच्यात वर कोण, हे भांडण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं चालू आहे. त्यांचं ते त्यांना लखलाभ. मला दोघेही बाळूंच्या खाली चालतील.

मात्र जन्माने कोकणी असा नियम लावला तर चित्र पालटतं, आणि तिथे माझ्या मते एका माणसावर अन्याय होतो. दिलीप वेंगसरकर. जन्म राजापूरचा, १९५६. लॉर्ड्सवर तीन टेस्ट शतकं: १९७९, ८२, ८६. त्याआधी कुठल्याही परदेशी फलंदाजाला हे जमलं नव्हतं. पण मला विचाराल तर त्याची खरी बॅटिंग लॉर्ड्सची नव्हे, त्याच ८६ च्या दौऱ्यातली हेडिंग्लीची. चेंडू कुठेही वळत, उसळत होता, दोन्हीकडचे फलंदाज टिकत नव्हते, आणि याने ६१ आणि नाबाद १०२ काढल्या. आपण ती मालिका जिंकली. तरी मोठ्यांच्या यादीत त्याचं नाव नेहमी 'आणि' लावून शेवटी येतं. एका बाजूला गावसकर, दुसऱ्या बाजूला कपिल, मधे हा सापडला.

१९८२ च्या लॉर्ड्स टेस्टची एक गंमत फार कमी लोकांच्या लक्षात आहे. पहिल्या डावात सलामीला गावसकर आणि गुलाम पारकर, तिसरा वेंगसरकर. म्हणजे वेंगुर्ला, चिपळूणजवळचं कालुस्ते आणि राजापूर! अख्खी वरची फळी आपली. गुलामला ६ आणि १ अशा धावा मिळाल्या आणि ती त्याची एकमेव टेस्ट ठरली. वेंगसरकरने फॉलोऑननंतर १५७ काढल्या. सामना हरलो. त्याच १९८१-८२ च्या मोसमात बंगालविरुद्ध रणजीत गावसकर-गुलाम पारकर जोडीने ४२१ ची सलामी दिली होती, आणि कव्हरला तो काय क्षेत्ररक्षण करायचा हे जुन्या मुंबईकरांना विचारा. एका टेस्टवर माणसाचा हिशेब बंद करणं मला कधीच पटलेलं नाही.

मालवणी मित्राचा शेवटचा पत्ता असतो रमाकांत आचरेकर. "मालवणात जन्मलो, सचिन घडवलो, आणखी काय व्हया?" काही नको बाबा. पण चर्चा खेळाडूंची आहे, सरांना त्यात ओढू नये.

आणि आता जो मुद्दा मांडताना मला स्वतःलाच त्रास होतो तो. वर घेतलेली सगळी नावं गाव सोडून गेलेल्यांची आहेत. जे इथेच राहिले त्यांचं काय?

ते टेनिस बॉल खेळतात. भातकापणी झाली की वायंगण (भाताचं दुसरं पीक) न केलेले मळे रिकामे होतात, नाहीतर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, कातळ साफ करून पीच होतं. मग मे संपेपर्यंत वाडी मर्यादित, गाव मर्यादित, तालुका मर्यादित, अमुक चषक, तमुक चषक. सहा ओव्हरच्या मॅची, भोंग्यावर कॉमेंट्री, आता वर यूट्यूबवर लाइव्ह. त्यातले काही गोलंदाज असे आहेत की लागोपाठ सहा यॉर्कर टाकतील आणि फलंदाजाला बॅट खाली आणायला वेळ मिळणार नाही. मुंबई मंडळवाले त्यांना फोन करून बोलावतात. गावात त्यांचा मान सरपंचाहून जास्त असतो.

म्हणून यांना वेंगसरकरशेजारी बसवायचं का? काही जण बसवतात. मी नाही बसवत. टेनिस बॉल हवेत फार वळत नाही, एलबीडब्ल्यू नसतो, सहा ओव्हरमध्ये बचावाला किंमत नाही. पोरगा लहानपणापासून आडव्या बॅटने उचलायला शिकतो आणि सतराव्या-अठराव्या वर्षी पहिल्यांदा लेदरचा चेंडू खेळला की पायच हलत नाहीत. दोष पोराचा नाही. टर्फ विकेटला, म्हणजे लेदर बॉलसाठीच्या मातीच्या पक्क्या खेळपट्टीला, चिकण काळी माती लागते. आपल्याकडे जांभ्याची लाल माती, ती घट्ट धरत नाही, म्हणून माती घाटावरून आणायची. त्यावर चार महिने तीन हजार मिलिमीटरचा पाऊस. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेखाली येतात, म्हणजे चाचणीला जायचं तर घाट चढायचा. सावंतवाडीतून पुण्याला पोराला घेऊन जाणाऱ्या बापाचा खर्च एकदा लिहून काढा. रत्नागिरी जेट्सने महाराष्ट्र प्रीमियर लीगचे पहिले दोन्ही मोसम जिंकले, २०२३ आणि २०२४, आम्हीही फटाके लावले. पण सामने पुण्याजवळच्या गहुंज्याला! आमच्या नावाच्या संघाचा सामना आम्ही मोबाइलवर बघतो.

म्हणून 'गावातला अमुक संधी मिळाली असती तर भारताकडून खेळला असता' या वाक्याची मला चीड येते. प्रत्येक वाडीत असा एक असतो. खेळला असता की नाही हे कळायला आधी तालुक्याला एक धड टर्फ विकेट हवी. त्याआधी ही बढाई फुकट आहे.

शार्दूल ठाकूर राहिला. पालघरचा पोरगा, लोकलने कीटबॅग ओढत मुंबईला जाणारा. २०२१ ला ऑस्ट्रेलियात गाबावर ६७ धावा आणि सामन्यात सात विकेट, त्याच वर्षी इंग्लंडात ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं, पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. माझ्या यादीत तो गुलाम पारकरच्या वर आणि वेंगसरकरच्या बराच खाली. आणि 'पालघर कसलं कोकण' म्हणणाऱ्या तळकोकणातल्या मंडळींनी आधी नकाशा उघडून बघावा, मग भांडायला यावं. मी जागाच आहे.