काका, ते २,००० रुपये नोंदणीचे नव्हते

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. आधी माफी मागतो. त्या शनिवारी तुम्हाला आमच्याकडे तीन तास ताटकळावं लागलं आणि बिलावर कामाची फोड करून दिली नाही. दोन्ही चुका दुकानाच्या, म्हणजे माझ्याच. नातवाला घेऊन अमेरिकेत ग्रँड कॅनियनपर्यंत जाऊन ड्रोन पिशवीतच राहिला, याचं मलाही वाईट वाटलं.

पण तुम्ही लिहिलंय की "पाच डॉलरच्या नोंदणीचे दोन हजार लावले, परदेशी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लुटतात." हे वाचल्यापासून झोप नाही. 'सर नको, काका म्हण' असं त्या दिवशी तुम्हीच मला म्हणाला होतात.

ड्रोनच्या नोंदणीचा एक रुपयाही आम्ही घेतलेला नाही. अमेरिकेतल्या नोंदणीची फी ५ डॉलर, आपले चारशे-साडेचारशे रुपये. ती तुमच्या मुलीच्या कार्डावरून थेट तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या, म्हणजे एफएएच्या, साइटवर भरली गेली. पावतीही तिच्याच मेलवर आली आहे, कृपया एकदा उघडून पाहा. नोंदणी करून देतो म्हणत वरचे पैसे उकळणाऱ्या खासगी साइट आहेत, म्हणून तर मी तुमच्यासमोर पत्ता नीट वाचून, सरकारी साइट आहे याची खात्री करूनच फॉर्म उघडला होता.

मग २,००० कशाचे? पात्यांच्या गार्डचा संच ८५०. पुढच्या दोन पात्यांच्या कडा उडाल्या होत्या, ती जोडी बसवून ४००. फर्मवेअर, म्हणजे ड्रोनमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करणं आणि कंपास व गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) यांचं कॅलिब्रेशन ७५०. आमच्या मुलाने घाईत बिलावर एकाच ओळीत 'ड्रोन काम व यूएसए रजिस्ट्रेशन' लिहिलं आणि खाली आकडा टाकला. तुमचा गैरसमज तिथून झाला असणार, ते मी मान्य करतो. पण लुटणं वेगळं आणि बिल नीट न लिहिणं वेगळं, काका.

नोंदणीची वेळ का आली तेही सांगतो. तुमचा ड्रोन २४९ ग्रॅमचा. अमेरिकेत हौसेसाठी उडवायचा असेल तर २५० ग्रॅमच्या आत नोंदणी लागत नाही. हे तुम्ही वाचून आला होतात आणि ते बरोबरच होतं. पण तिथे उड्डाणाच्या वेळी वर चढवलेल्या सगळ्या वस्तूंसकट वजन धरतात. गार्ड लावून काउंटरवरच्या काट्यावर ठेवला तेव्हा आकडा २५० च्या पुढे गेला, तो तुम्ही स्वतः पाहिलात. मी म्हटलं होतं, गार्ड काढून उडवा, नोंदणीची कटकटच नको. तुम्ही म्हणालात, नातू चार वर्षांचा आहे, पटकन हात घालेल. ते मला पटलं. मुलांभोवती गार्ड हवाच. पण मग नोंदणी आली, आणि नोंदणी आली की रिमोट आयडीही आला, म्हणजे उडताना ड्रोनने आपली ओळख हवेत प्रसारित करत राहायचं. तुमच्या ड्रोनमध्ये ती सोय होती, फक्त फर्मवेअर जुनं होतं. ते ७५० रुपये त्या अपडेटचे आणि कॅलिब्रेशनचे.

आता वेळेचं. तुम्ही साडेसातला आलात आणि सोमवारी पहाटेचं विमान आहे हे सांगितलंत. दुकान नऊला बंद होतं, आपण पावणेअकराला उठलो. तुमचं कार्ड परदेशी व्यवहाराला बंद होतं, दोनदा नाकारलं गेलं. तुमच्या मुलीकडे फीनिक्सला तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते, ताई नातवाला पोहायला सोडायला गेल्या होत्या, त्या परत येईपर्यंत आपण चहा घेत थांबलो. पत्ता इथला घालायचा की मुलीकडचा यावर वीस मिनिटं गेली. ट्रस्ट नावाची मोफत ऑनलाइन परीक्षा तर वजन कितीही असो, हौसेने उडवणाऱ्या प्रत्येकाला द्यावी लागते. तिचे प्रश्न मी एकेक करून मराठीत समजावून सांगितले, उत्तरं तुमची तुम्ही दिलीत. त्याचं प्रमाणपत्र छापून दिलं, नोंदणीचा नंबर ड्रोनवर बाहेरून दिसेल असा चिकटवला. या कशाचेही पैसे बिलात नाहीत.

ग्रँड कॅनियनबद्दल: ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला बंदी आहे, नोंदणी असो वा नसो. नोंदणी म्हणजे उडवण्याची परवानगी नव्हे. परदेशी पाहुण्याला मिळणारा नोंदणीचा कागद तर एफएए नुसती मालकीची ओळख मानते. हे मी तुम्हाला पिशवी भरताना बोललो होतो, पण तेव्हा तुमच्या कानाला फोन होता. मी लिहून द्यायला हवं होतं. तेवढं चुकलं.

याच दुकानात माझे वडील रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. नाशिकच्या एम. जी. रोडवर आमचं नाव शब्दावर चालतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दोघांनी तुमचा रिव्ह्यू वाचून फोन केला, "खरंच असं झालं का?" लग्नसराई तोंडावर आहे, वर्षाची निम्मी कमाई त्यात होते.

पैशासाठी खोटं सांगायचं असतं तर संधी खूप आहेत. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ आले, अमेरिकेतला भाचा ड्रोन घेऊन येतोय, गंगापूर धरणाजवळ लग्न आहे, आधीच इकडची नोंदणी करून द्या म्हणाले, आगाऊ पैसेही काढले. मी सांगितलं, ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे, विमानतळावर कस्टम अडवेल, त्याला म्हणावं आणूच नकोस. शिवाय इकडे देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचा नोट प्रेस, त्यामुळे कुठे उडवता येतं आणि कुठे नाही ते नकाशावरचे झोन बघितल्याशिवाय मी कुणाला उडव म्हणत नाही. पैसे न घेता त्यांना परत पाठवलं.

यापुढे बिलावर प्रत्येक कामाचा आकडा वेगळा लिहिला जाईल, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी एक छापील चिठ्ठीही करतोय, बघू किती लवकर होते ते. तुमची नोंदणी तीन वर्षं चालेल, पुन्हा फीनिक्सला गेलात तर नवी करावी लागणार नाही. फोड केलेलं बिल तयार ठेवलंय. त्यातला एकही आकडा पटला नाही तर तेवढे पैसे परत घ्या, पण 'लुटतात' हा शब्द काढा, एवढी विनंती. सोमवार ते शनिवार मी दुकानातच असतो.